गाडीचा टोल माफ, बसचं तिकीट डबल, आणि आता कंजेशन टॅक्स?

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. महानगर आयुक्त, एमएमआरडीए,
आणि मुंबईच्या ट्रॅफिकवर मीटिंगा घेणारे बाकी सगळे साहेब-मॅडम

स. न. वि. वि.

मी बदलापूर पश्चिमेला राहते आणि नोकरीला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, अकाउंट्समध्ये, त्यामुळे पत्रात हिशेब जास्त येतील, ते सांभाळून घ्या. मुंबईत गाडी आणली तर कंजेशन टॅक्स, म्हणजे गर्दीच्या भागात गाडी आणण्याचा कर, लावायचा अशी चर्चा मधूनमधून निघते, कधी दक्षिण मुंबईसाठी, कधी बीकेसीसाठी, कधी फास्टॅगमधून आपोआप कापणार वगैरे. परवा आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी तीच बातमी परत टाकली आणि माटुंग्याला राहणारा आमचा एक सहकारी पटकन लिहून मोकळा झाला, बरं होईल, निदान बाहेरच्या गाड्या तरी कमी होतील. त्यावर अंगठे पण आले पाचसहा. मी काही लिहिलं नाही, लोकलमध्ये उभं राहून एका हाताने काय टाईप करणार, पण तो 'बाहेरच्या' शब्द घाटकोपरपासून बदलापूरपर्यंत डोक्यात घोळत राहिला. बाहेरची म्हणजे कोण ओ? एकवीस वर्षं झाली मला मुंबईत कामाला येऊन. त्याच्या घरी धुणंभांडी करणारी बाई दिव्याहून येते, त्याच्या सोसायटीचा वॉचमन नालासोपाऱ्याचा, त्याच्या मुलीच्या शाळेतल्या निम्म्या टीचर डोंबिवली-कल्याणच्या असतील. हे शहर रोज सकाळी बाहेरून आत येतं तेव्हा कुठे चालू होतं.

पण थांबा, तुम्हाला वाटेल ही बाई टॅक्सच्या विरोधात पत्र लिहितेय. तसं नाहीये. गाड्यांवर टॅक्स लावायला माझा विरोध नाही, खरं सांगायचं तर मला तो पाहिजे. कुर्ला स्टेशनवरून बीकेसीत जाताना मी ज्या बसमध्ये असते त्यात साठसत्तर माणसं असतात आणि आमच्या पुढे जी रांग लागलेली असते तिच्यात एकेका गाडीत एकेक माणूस एसी लावून बसलेला असतो. त्या एकट्या माणसाने अडवलेल्या रस्त्याचे पैसे त्याने द्यावेत यात अन्याय काहीच नाही. माझं भांडण वेगळं आहे. तुम्ही कुठली गोष्ट आधी करणार आणि कुठली नंतर, आणि आलेला पैसा कुठल्या टोकाला खर्च करणार, एवढंच. पण तेवढंच म्हणजे सगळं आहे, का ते सांगते.

आधी जरा मागचं आठवू. १४ ऑक्टोबर २०२४ ला कॅबिनेटची मीटिंग झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर, दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी, छोट्या गाड्यांना टोल माफ. कारला ४५ रुपये होता तो शून्य. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, योगायोग असतात असे. आमच्याकडे पण एक सेकंडहँड गाडी आहे त्यामुळे नवरा खूश, मी पण खूश, खोटं कशाला बोलू. मग जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं. मग ९ मे २०२५ पासून बेस्टचं कमीत कमी तिकीट ५ वरून १० रुपये, एसीचं ६ वरून १२. म्हणजे जो गाडी घेऊन मुंबईत शिरतो त्याला सरकारने सांगितलं या, फुकट या, आणि जो बसने जातो त्याला सांगितलं डबल द्या. आणि एवढं झाल्यावर आता तुम्हालाच प्रश्न पडलाय की रस्त्यावर गाड्या एवढ्या कशा वाढल्या, काहीतरी टॅक्स लावू या का. मी जर ऑफिसात अशी एन्ट्री केली ना, एका हाताने डेबिट, दुसऱ्या हाताने रिव्हर्स, आणि तिसऱ्या महिन्यात विचारलं की बॅलन्स का जुळत नाही, तर मला घरी पाठवतील.

आता आमचा प्रवास. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. २००१ च्या जनगणनेत गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाख झालं, त्यानंतर किती झालं ते मोजलंच नाही कोणी, पण खिडकीतून जेवढे टॉवर दिसतात त्यावरून अंदाज येतो. बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून सात मिनिटं' असतं, सात मिनिटं कुठल्या वाहनाने ते छापत नाहीत. माझ्या सोसायटीपासून स्टेशनला बस नाही, शेअर रिक्षा आहे, वीस रुपये सीट, पावसात तीस, आणि सकाळी सव्वासातला त्या रिक्षाला पण रांग असते.

स्टेशनात आल्यावर पुढचा खेळ. बदलापूर लोकल म्हणजे आमच्या इथून सुटणारी, आम्हाला बसायला मिळायला पाहिजे ना? तर अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं आधीच उलटं येऊन बसलेली असतात, ह्याला आम्ही रिटर्न मारणं म्हणतो, आणि त्यावरून रोज तोंडातोंडी, कधी हाताहाती सुद्धा. लेडीज डब्यात तर काय बघायलाच नको. मी पण एके काळी त्या बायकांशी कचाकचा भांडायचे. आता नाही भांडत. ती बाई अर्धा तास आधी घरातून निघून, उलटं येऊन, सीट मिळवते कारण तिला पुढे दीड तास उभं राहणं झेपत नाही. तिचं काय चुकलं? आम्ही बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतोय आणि गाड्या वाढवायची जबाबदारी ज्यांची आहे ते आम्हाला दिसत पण नाहीत, भांडणार कोणाशी.

आणि गाड्या का वाढत नाहीत, हे पण आता पाठ झालंय आम्हाला. कल्याणपर्यंत चार लाईनी आहेत, कल्याणच्या पुढे कर्जतकडे फक्त दोन. त्या दोन लाईनींवरून आमच्या लोकल, डेक्कन क्वीन, इंद्रायणी, कोयना, चेन्नई-हैदराबादकडच्या लांबच्या गाड्या आणि मालगाड्या, सगळं. एक्स्प्रेस आली की लोकल बाजूला, मालगाडीचं इंजिन घाटात बंद पडलं की आमची संध्याकाळ गेली. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाईन मंजूर आहे, एमयूटीपी ३ए मध्ये, म्हणजे मुंबईच्या लोकलच्या वाढीसाठी केंद्र-राज्याची जी योजना आहे तिच्यात, मार्च २०१९ ला केंद्राच्या कॅबिनेटने मान्यता दिली. अंतर किती असेल? साधारण १४ किलोमीटर! माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. परवा त्याने कॉलेजसाठी पहिला पास काढला, गर्दी तीच आहे आणि लाईनी दोनच.

ह्याच काळात बाकीचं काय काय झालं बघा. कोस्टल रोडचं काम ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं, मधे कोर्टाने पाचएक महिने थांबवलं होतं तरी मार्च २०२४ ला वरळी ते मरीन ड्राईव्ह गाड्या धावायला लागल्या, समुद्राखालून बोगदा काढून. अटल सेतू, २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ ला उघडला, खाडीत खांब रोवून. चांगलं केलंत, अभिमान आहे, आम्ही पण फॅमिली घेऊन एकदा जाऊन आलो, २५० रुपये टोल भरून फोटो काढून. पण ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन आठवते का, नऊएक किलोमीटर, २००८ च्या सुमारास मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ ला चालू झाली. जमिनीवर! बरं, कठीण असतं मान्य आहे, झोपड्या असतात, जागा नसते, रात्रीचे ब्लॉक घेऊन काम करावं लागतं. पण मग समुद्रात तरी काय सोपं होतं? जिथे गाडी जाणार तिथे तुम्हाला अडचणीतून वाट सापडते, हे माझं निरीक्षण आहे, चुकीचं असेल तर सांगा.

आणि आता कोणीतरी म्हणणारच, मॅडम रेल्वे केंद्राची आहे, राज्य सरकार काय करणार. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या टिफिनच्या पिशवीवर छापून घ्यावं. एमआरव्हीसी (मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन) नावाची कंपनी, जी एमयूटीपीची ही सगळी कामं करते, तिच्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९. १९९९ पासून. या प्रोजेक्टांचा खर्च पण दोघं वाटून घेतात. ज्या कंपनीत आपले ४९ टक्के आहेत तिच्या कामाला उशीर झाला तर 'ते त्यांचं बघतील' असं म्हणणारा पार्टनर मी तरी अजून बघितलेला नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकलमधून माणसं खाली पडली, दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून. जीव गेले. त्या दिवशी सोमवार होता. मी साडेअकराला ऑफिसात पोचले, घरून फोनवर फोन, कुठे आहेस कुठे आहेस. पुढचे आठ दिवस आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या लोकलची चर्चा, मीटिंगा, घोषणा झाल्या. लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही हो, आत जागा असती तर तो आत असता.

बरं, समजा कुर्ल्याला उतरले. इथून माझं ऑफिस फार तर साडेतीन-चार किलोमीटर. आणि आता माझा महिन्याचा हिशेब ऐका, अकाउंट्सवाली आहे म्हणून सांगितलं होतं ना. ५३ किलोमीटर लोकलचा सेकंड क्लासचा पास, चारशे रुपयांच्या आत. आणि दोन्ही टोकांची मिळून पाचसहा किलोमीटर शेअर रिक्षा, बदलापूरला वीस-वीस, कुर्ल्याला पंचवीस-पंचवीस, दिवसाला नव्वद, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २२५० रुपये. म्हणजे ज्या अंतराला दहा टक्के प्रवास आहे तिथे माझे ऐंशी टक्क्यांच्या वर पैसे जातात. बस आली तर बसने जाते, पण ती येईलच याची खात्री नसते आणि आली तर थांबेलच याची नसते, आणि बायोमेट्रिकला पंच करायची वेळ नऊ पस्तीस. ही जी दोन टोकं आहेत ना, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस, ही दुखणारी टोकं आहेत. इथे माणूस वैतागून गाडी काढतो. मधलं अंतर तर आम्ही कसंबसं लोकलवर ढकलतोच.

बेस्टकडे एके काळी साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. आता तीन हजारांच्या खाली आहेत. शहर वाढलं, ऑफिसं वाढली, बीकेसी म्हणजे पूर्वी दलदल होती तिथे काचेचे डोंगर उभे राहिले, आणि बस कमी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात बसचा भयंकर अपघात झाला, निष्पाप माणसं गेली, त्यानंतर काही दिवस स्टेशनबाहेरून बस सुटतच नव्हत्या आणि हजारो माणसं मुकाट चालत होती बीकेसीकडे, रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगत होते. त्या आठवड्यात मला कळलं की बस किती जणांना वाहून नेते, नसली की दिसतं. आणि या मार्गासाठी तुमच्याकडे योजना काय, तर पॉड टॅक्सी, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या मार्गावरून चालणारे छोटे डबे! कुर्ला ते वांद्रे, ८.८५ किलोमीटर, हजार कोटींच्या वर खर्च, एका डब्यात पाचसहा माणसं. मी त्याचं चित्र बघितलंय, छान दिसतं, दुबईसारखं. सकाळी नऊला कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला जो लोंढा उतरतो तो पाचसहा-पाचसहाच्या डब्यात भरायला किती वेळ लागेल याचा हिशेब कोणी केला असेल तर मला पाठवा, मी तपासून देते. तिथलाच सायकल ट्रॅक पण काढून गाड्यांना लेन द्यायचं ठरलं. म्हणजे एकीकडे लेन वाढवून गाड्यांना बोलवायचं आणि दुसरीकडे आल्या म्हणून टॅक्स घ्यायचा. ठरवा एकदा काय ते.

आता बदलापूरहून, डोंबिवलीहून, वसईहून मुंबईत गाडी घेऊन येतं तरी कोण, हे कधी बघितलंय का? आमचंच सांगते. आमची गाडी महिन्यातून एकदाच मुंबईत येते. सासूबाईंना परळला हॉस्पिटलात न्यायचं असतं, फॉलोअप. वय ७४, गुडघे गेलेले, ब्रिज चढू शकत नाहीत. अपंगांचा डबा आहे, पण त्या डब्यापर्यंत पोचायला जो जिना आहे तो अपंगांचा नाही ना. म्हणून पहाटे पाचला गाडी काढायची, काटई, शिळफाटा, आणि शिळफाट्याला देवाचं नाव घेत बसायचं. पेट्रोल, पार्किंग, नवऱ्याची रजा. आमच्यासारखीला त्या दिवशी वर आणखी टॅक्स लागणार, पहाटे पाचची गाडी परळला आठला पोचते म्हणजे बरोबर तुमच्या पीक अवरमध्ये.

दुसरा आमच्या ऑफिसातला एक डोंबिवलीचा. तो दोन वर्षांपूर्वीपर्यंत लोकलनेच यायचा, मग मणक्याचं निघालं, डॉक्टर म्हणाले गर्दीत धक्के खाऊ नका. कर्ज काढून गाडी घेतली. त्याला गाडीची हौस नाही, उलट ट्रॅफिकमध्ये बीपी वाढतं म्हणतो. आणि तिसरे ते रात्रपाळीवाले, मध्यरात्रीनंतर पहाटे चारच्या आसपासपर्यंत लोकल बंद, त्यांनी काय प्लॅटफॉर्मवर झोपायचं? झोपतात काही जण, बघा कधी कल्याणला. बाकी आमच्याकडचे निव्वळ मजेखातर रोज गाडीने मुंबईत येणारे पण असतीलच, त्यांची बाजू मी घेत नाही, त्यांच्याकडून घ्या दणकून.

मी जरा वाचलं बाकीच्या शहरांनी काय केलं ते. लंडनचं नाव सगळे घेतात, १७ फेब्रुवारी २००३ ला पाच पाउंडाने सुरू झालं. पण लंडनने टॅक्स चालू केला त्याच दिवशी साधारण तीनशे जादा बस रस्त्यावर उतरवल्या होत्या हे आपल्याकडच्या भाषणात येत नाही. स्टॉकहोमने तर त्याहून शहाणपणा केला. त्यांची टॅक्सची ट्रायल ३ जानेवारी २००६ ला सुरू झाली आणि जवळजवळ दोनशे नव्या बस आणि नवे मार्ग ऑगस्ट २००५ मध्येच, म्हणजे चार महिने आधी. लोकांना आधी बस दिसली, तिची सवय झाली, मग टॅक्स दिसला. ट्रायल सात महिने चालली, आत येणारी वाहतूक वीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली, मग ट्रायल बंद करून शहराने मतदान घेतलं, लोकांनी हो म्हटलं, आणि ऑगस्ट २००७ पासून कायमचा झाला. बंद करून मग विचारलं हा भाग मला फार आवडला, आपल्याकडे अशी हिंमत कोण करेल.

पण स्टॉकहोमची एक गोष्ट आमच्या कामाची आहे, ती कोणी सांगत नाही. शहराने हो म्हटलं, पण आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी आपापलं मतदान घेतलं त्यातल्या बहुतेकांनी नाही म्हटलं. म्हणजे तिथले बदलापूर-वसई-पनवेलवाले नाही म्हणाले. आणि वर काय, नंतर सत्ता बदलली तेव्हा टॅक्सचा पैसा रस्त्यांच्या कामाकडे वळवला. बघा म्हणजे, स्वीडनमध्ये पण पैसा रस्त्याकडेच घरंगळतो, मग आपल्याकडे तर उताराला लागलेलं पाणी.

लंडनमध्ये आणखी एक गंमत होती. झोनच्या आत राहणाऱ्यांना सुरुवातीपासून ९० टक्के सवलत. म्हणजे जो मधोमध राहतो तो जवळजवळ फुकट, जो लांबून येतो तो पूर्ण भरणार. हे जर मुंबईला लावलं तर मलबार हिलवर ज्याच्या घरी चार गाड्या आहेत त्याला सवलत आणि आमच्या सासूबाईंना फुल चार्ज. मला दिसतंय हे होणार, 'स्थानिक रहिवाशांची गैरसोय' या नावाखाली पहिली सूट तिथेच मिळणार, कारण त्या भागातली माणसं पत्र लिहीत नाहीत, फोन करतात. रहिवाशांना सूट द्यायचीच असेल तर मग आम्हाला पण द्या, आम्ही रोज बारा तास तिथेच असतो, घरी फक्त झोपायला जातो.

आणि २०२३ मध्ये लंडनने प्रदूषणवाला चार्ज, युलेझ, ऑगस्टपासून बाहेरच्या सगळ्या भागात नेला तेव्हा बाहेरचे लोक भडकले, कारण तिकडे ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, सगळीकडे नाही, बस विरळ. त्या जुलैमध्ये लंडनच्या कडेच्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक होती, सगळा प्रचार यावर, ४९५ मतांनी निकाल लागला. तिथल्या मेयरने त्याच वर्षी बाहेरच्या भागाला गोल फिरणाऱ्या एक्स्प्रेस बस काढल्या, सुपरलूप नावाने. चांगल्या चालतात म्हणे. पण लोक भडकल्यावर बस देणं आणि आधी देणं यात जो फरक आहे तो तुम्ही राजकारणातली माणसं माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

मग माझं मागणं काय. पहिलं म्हणजे टॅक्सची तारीख जाहीर करायच्या आधी कल्याण-बदलापूर लाईनीची तारीख जाहीर करा, आणि ती हुकली तर टॅक्सची तारीख पण तेवढीच पुढे जाणार असं लिहून द्या. तसंच विरार-डहाणूचं, तसंच कर्जत-पनवेलवाल्यांचं, माझं एकटीचं गाव नाही हे. चिखलोलीला नवं स्टेशन होणार होणार म्हणतात ते पण त्यात धरा. मेट्रोचं म्हणाल तर आमच्याकडे कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ ची पाटी बिल्डरच्या ब्रोशरमध्ये लागून जुनी झाली, तिच्यावर मी काही धरून चालत नाही, झाली तर पेढे वाटीन.

मेट्रोला दहा वर्षं लागतील, लाईनीला अजून काही वर्षं लागतील, पण बसला काय लागतं? बसला खणावं लागत नाही, झोपड्या हलवाव्या लागत नाहीत. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, नालासोपारा, जिथे जिथे स्टेशन ते वस्ती दोनतीन किलोमीटर आहे तिथे सकाळी सहा ते रात्री बारा छोट्या बस सोडा, दर दहा मिनिटांनी, लोकलच्या पासवर चालणाऱ्या, वेगळं तिकीट नाही. हे सहा महिन्यांत होऊ शकतं. कुर्ला-बीकेसी, वांद्रे-बीकेसी रस्त्यावर एक लेन बसला द्या आणि तिच्यात घुसणाऱ्या गाडीचा कॅमेऱ्याने फोटो काढून दंड करा, टॅक्स वसूल करायला कॅमेरे बसवणारच आहात ना, मग आधी तिथे वापरा. फक्त पुण्यासारखं करू नका, तिथे २००६ ला देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळी लेन, म्हणून गाजावाजा केला आणि नंतर नगर रोडवरची उखडून टाकली.

आणि पैसा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं. टॅक्सचा प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात जाईल, तो फक्त बस, लोकल आणि स्टेशनच्या जिन्यांवर, लिफ्टवर खर्च होईल, आणि त्यातला निम्मा तरी ठाणे-कल्याण-वसई-पनवेलच्या पलीकडे खर्च होईल असं कायद्यात लिहा. जीआर नको, जीआर संध्याकाळी निघतो आणि सकाळी बदलतो. खातं दर महिन्याला वेबसाइटवर टाका, किती आले, कुठे गेले. मी स्वतः दर महिन्याच्या पाच तारखेला बसून तपासीन, फुकट, माझ्यासारखे हजार अकाउंटंट लोकलमध्ये लटकलेले असतात, सगळे तपासतील, दीड तास असतो आमच्याकडे. त्या पैशातून जर एक जरी फ्लायओव्हर बांधला गेला तर मात्र मी त्या माटुंग्याच्या सहकाऱ्याच्या विरोधात ग्रुपवर लिहिणार, दोन्ही हातांनी.

आणि सूट द्यायची तर पेशंटच्या गाडीला द्या, अपंगांच्या गाडीला द्या, रात्री अकरा ते सकाळी सहा टॅक्सच नको. पत्ता बघून सूट नको.

एवढं केलंत तर मी आमच्या गाडीचा फास्टॅग स्वतः रिचार्ज करून ठेवीन. नवरा ओरडेल, त्याचं मी बघते.

कळावे,
आपली,
एक पासधारक, बदलापूर (प.)

ता. क. सासूबाईंची पुढची तारीख महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. परळच्या बाजूला स्टेशनला लिफ्ट आहे, त्यांना तीही सोसेल, पण आमच्या बाजूला घरापासून स्टेशनपर्यंतच्या रिक्षात त्यांना चौथी सीट म्हणून बसवता येत नाही आणि पूर्ण रिक्षाचे तो ऐंशी सांगतो. एक बस असती ना सकाळी सहाला आमच्या नाक्यावरून, खालच्या पायरीची, आणि पुढे जिना चढावा लागत नसता, तर आम्ही त्या दिवशी गाडी काढलीच नसती.